निव्वळ वजन

सावद्याच्या बाहेर, रावेर रस्त्याला
भुईकाट्याच्या केबिनमध्ये बसते मी,
दुपारी तीन ते रात्री अकरा.
मृगबागेची कटती सुरू झाली की
पाणी प्यायलाही उसंत नसते.
केळीचा ट्रक काट्यावर चढतो,
पत्रा दबतो, डोळ्याला दिसणार नाही इतका,
लाल आकडे थरथरतात, मग ठरतात :
सोळा हजार दोनशे चाळीस.
रिकाम्या गाडीचे सहा हजार एकशे ऐंशी वजा.
उरली केळी, दहा हजार साठ किलो.
पावतीवर छापून येतं : निव्वळ वजन.

निव्वळ चूक,
फिरके मॅडम म्हणाल्या असत्या.

नववी ब. पत्र्याचं छप्पर, मार्च महिना.
मॅडमनी घरच्या बागेतली हिरवी फणी आणली,
स्प्रिंगकाट्याच्या आकड्याला लटकवली.
"किलो म्हणजे हिच्यात केळं किती, तेवढंच.
चंद्रावर नेली तरी तेवढंच.
वजन म्हणजे जमीन हिला किती ओढते ते.
एक माल आहे, एक ओढ आहे.
मधे नऊ पूर्णांक आठ उभा असतो,
त्याला ओलांडून गेलात तर अर्धा गुण कापीन."

माझा कापला. तीनदा.
तिसऱ्यांदा मी चिडून विचारलं,
बाजारात न्यूटन मागतं कोण, मॅडम?
खडू खाली ठेवून म्हणाल्या,
"मागत कोणी नाही. वाहतात सगळे.
हमालाच्या मानेला विचार."
मागच्या बाकावर मुबारक तडवीने
हळूच स्वतःच्या मानेला हात लावून पाहिला.
त्याचे वडील केळीचे घड वाहायचे.

आता मला ठाऊक आहे,
ह्या पत्र्याखाली आठ लोडसेल आहेत
आणि त्यांना किलो कळतच नाहीत.
कळतो तो रेटा.
नऊ पूर्णांक आठचा भागाकार
काटा पोटातल्या पोटात करतो
आणि तोंडाने किलो सांगतो.
माझ्या आईसारखं :
सोसायचं एक, बोलायचं दुसरं.

कधी गर्दी नसली तर
पावतीच्या मागे मी उलटा गुणाकार करते.
अठ्ठ्याण्णव हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी.
एका ड्रायव्हरने वाचून विचारलं होतं,
"ताई, हा कोनाचा नंबर हाये? पाचच आकडे?"

गेल्या महिन्यात शाळेला पन्नास वर्षं झाली.
सत्कार वरच्या मजल्यावर,
आणि मॅडमचं खुब्याचं हाड मोडलेलं.
प्लॅस्टिकची खुर्ची आणली. चार पाय, चार माणसं :
मी, मुबारक, शिपाई टोपलूकाका
आणि दहावीचा एक पोरगा, जो सारखा हसत होता.
आम्ही वाकलो, तर मॅडम म्हणाल्या,
"थांबा. आधी गणित.
काल दवाखान्यात अडतीस भरले मी."

गुणिले नऊ पूर्णांक आठ. तीनशे बहात्तर पूर्णांक चार.
भागिले चार. मी म्हटलं,
त्र्याण्णव पूर्णांक एक न्यूटन, प्रत्येकी.
"एकक लिहिलंस. बरं.
खुर्ची कोणी धरायची?"
मी गप्प.
"अर्धा गुण गेला. उचला."

उचलताना पहिला झटका जड गेला,
मग ठीक.
जिन्याच्या वळणावर खालच्या पायरीला मुबारक होता,
सगळा भार कलून त्याच्याकडे गेला,
भागिले चार कुठल्या कुठे.
तो काही बोलला नाही.
मॅडमनी मात्र वरूनच
मागे हात नेऊन त्याच्या मानेवर ठेवला,
बघू किती आहे, अशा.

संध्याकाळी परत काट्यावर. सहा ट्रक रांगेत.
हा काटा वीस-वीस किलोच्या उडीने मोजतो,
मॅडम उभ्या राहिल्या तर चाळीस दाखवील,
दोन किलो पदरचे घालून.
उजव्या तळव्यावर
खुर्चीच्या पायाचा वळ होता, लालसर, तिरपा.
पावत्या फाडत राहिले.
अकरा वाजेपर्यंत होता.